घरचें विज्ञान : तीनदां दाबलेलें बटण

हर्सूलहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आलें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र असून घरांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें आहेत. धाकट्या भावाची मुलगी छत्रपति संभाजीनगर शहरांत शिकते आणि सायंकाळचा तास आटोपून जळगांव रस्त्यानें घरीं परतते. थोरल्या भावाचा मुलगा संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. बहिणीसाठीं त्यानें स्वतः एक ॲप तयार केलें. मोबाईलच्या कडेचें आवाजाचें बटण तीन वेळां झटपट दाबलें, कीं ती कोठें आहे हें घरांतील चौघांच्या फोनवर कळावें, अशी त्याची योजना. ॲप समोर उघडें असतांना ती बिनचूक चाले. परंतु पडदा मिटून फोन पिशवींत ठेवला, कीं बटण कितीही दाबा, घरीं कांहीं कळत नसे. पत्रलेखकांच्या स्वतःच्या फोनवर तर तें ॲप रात्रींतून आपोआप बंद पडे. "मुलाची विद्या कमी पडली, कीं यंत्रांत खोट आहे? आणि आम्हीं या साधनावर विसंबावें कीं नाहीं?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथमच सांगतों कीं, दोष मुलाच्या विद्येचा नाहीं आणि यंत्रांत खोटही नाहीं. जें घडलें तें नियमानें घडलें. मोबाईलच्या कर्त्यांनीं गेल्या दहा-पंधरा वर्षांत जाणूनबुजून जे निर्बंध घातले, त्यांवर हें ॲप जाऊन आदळलें. ते निर्बंध कोणते, ते कां घातले, आणि त्यांच्या चौकटींत राहून घरच्या मुलीची काळजी कशी घ्यावी, याचा विचार या महिन्यांत करूं. हा प्रश्न एकट्या हर्सूलचा नाहीं. ज्या ज्या घरांतून मुली, सुना आणि वृद्ध माणसें एकटीं बाहेर पडतात, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

बटण कोणाच्या मालकीचें?

फोनच्या कडेला बहुधा तीन बटणें असतात : एक चालू-बंद करण्याचें आणि दोन आवाज कमी-अधिक करण्याचीं. बोट पडतांच त्याची वर्दी फोनच्या मूळ कार्यप्रणालीला जाते. आपल्याकडील बहुतेक फोनांत ही कार्यप्रणाली अँड्रॉइड असते, कांहींत ॲपलची आयओएस असते. आपण जीं जीं ॲपें फोनांत घेतों, तीं सर्व या कार्यप्रणालीच्या वाड्यांतील बिऱ्हाडकरू होत. दिंडीदरवाजाची कडी वाजली, तर ती प्रथम देवडीवरचा माणूस ऐकतो. कोणत्या बिऱ्हाडाला हांक मारावयाची, कीं कोणालाच मारावयाची नाहीं, हें तो ठरवितो.

अँड्रॉइडचा शिरस्ता असा आहे. आवाजाचें बटण दाबलें, तर ती वर्दी त्या क्षणीं पडद्यावर समोर असलेल्या ॲपला आधीं मिळते. त्या ॲपला हवें असेल तर तें तिचा उपयोग करून घेतें, नको असेल तर आवाज कमी-अधिक होतो. म्हणूनच कित्येक वाचनाच्या ॲपांत या बटणानें पान उलटतें आणि कॅमेऱ्यांत छायाचित्र निघतें. पडदा मिटला म्हणजे समोर कोणीच नसतें. मग ही वर्दी, गाणें चालू असल्यास गाण्याकडे जाते, एरव्हीं ती वायां जाते. हर्सूलच्या मुलाचें ॲप पिशवींतील फोनांत बहिरें झालें, त्याचें पहिलें कारण हें.

चालू-बंदचें बटण तर कोणत्याही साध्या ॲपला कधींच मिळत नाहीं. तें कार्यप्रणाली आपल्याच हातीं ठेवते, आणि तें योग्यच आहे. उद्यां एखाद्या लबाड ॲपनें तें बटण अडवून धरलें, तर स्वतःचा फोन बंद करण्याचाही अधिकार मालकाला उरणार नाहीं. तसेंच पडद्यामागच्या ॲपला दुसऱ्याच्या नांवें आलेलीं बटणें ऐकण्याची मुभा दिली, तर फोनला जोडलेल्या कळफलकावर टंकलेला बँकेचा गुप्त शब्दही तें टिपून घेईल.

मग बाजारांतील कांहीं ॲपें "चालू-बंदचें बटण तीनदां दाबा" असें सांगतात, तें कसें? तीं बटण ऐकत नाहींत, त्याचा परिणाम मोजतात. बटण दाबलें कीं पडदा मिटतो, पुन्हां दाबलें कीं उजळतो. पडदा मिटल्याची व उजळल्याची दवंडी कार्यप्रणाली पिटते आणि कान देऊन बसलेल्या ॲपांना ती ऐकूं येते. थोड्या सेकंदांत मिटणें, उजळणें, मिटणें असा क्रम आला, कीं कोणीतरी बटण दाबीत आहे असा तर्क करावयाचा. युक्ति चतुर आहे, परंतु ती अनुमानाची आहे. निरोप आला तरी कांहीं फोनांचा पडदा उजळतो, कांहीं वेळ हात लागला नाहीं तर तो मिटतो, झांकणाचें पाकीट उघडमीट केलें तरी तेंच होतें. त्यामुळें कधीं संकट नसतांना घरीं हांक जाते. याहून महत्त्वाची अडचण दुसरीच आहे. कांहीं सूचना निजलेल्या ॲपला उठवून कळविल्या जातात, या दोन सूचनांना ती सवलत नाहीं. दवंडी जाग्या ॲपलाच ऐकूं येते, आणि ॲपला जागें ठेवणें हेंच तर अवघड आहे.

आणखीही आडवाटा आहेत. कोणी न ऐकूं येणारें संगीत सतत वाजवीत ठेवतात, म्हणजे आवाजाच्या बटणाची वर्दी आपल्याकडे येत राहते. कोणी दिव्यांगांच्या साह्यासाठीं ठेवलेली विशेष परवानगी मागून घेतात. पहिल्या वाटेनें बॅटरीचा नाश होतो. दुसऱ्या वाटेनें ॲपला पडद्यावरचें सर्व कांहीं वाचण्याचा अधिकार मिळतो, म्हणजे एका बटणासाठीं घराच्या साऱ्या किल्ल्या परक्याच्या हातीं द्याव्या लागतात. घरच्या मुलानें केलेल्या ॲपची गोष्ट निराळी, पण अनोळखी ॲप ही परवानगी मागूं लागलें, तर सुज्ञांनीं सावध व्हावें.

बटणांच्या बाबतींत ॲपलचा कडकपणा जुना आहे. सन २०१० च्या ऑगस्टांत "कॅमेरा प्लस" या लोकप्रिय ॲपमध्यें आवाजाच्या बटणानें छायाचित्र काढण्याची सोय गुप्तपणें ठेविलेली आढळली, तेव्हां ॲपलनें तें ॲप आपल्या दुकानांतून काढून टाकलें. पुढच्याच वर्षीं, २०११ सालीं, ॲपलनें स्वतःच्या कॅमेऱ्यांत तीच सोय दिली! बटणाची मालकी कोणाची, याचें उत्तर एवढ्या एका गोष्टींत मिळतें.

पडद्यामागची शिस्त

आतां ॲप जागें कां राहत नाहीं, तें पाहूं. २००८ सालीं अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारांत आला, त्या वेळीं पडद्यामागें काम करण्याची ॲपांना जवळजवळ मोकळीक होती. ॲपलचें दुकानही त्याच वर्षीं उघडलें, पण तेथें ॲप समोरून गेलें कीं त्याचें काम थांबे. २०१० सालीं संगीत, संभाषण आणि स्थळदर्शन अशा मोजक्या कामांना तेथें पडद्यामागें परवानगी मिळाली.

अँड्रॉइडच्या मोकळिकीचे परिणाम लवकरच दिसूं लागले. वाड्यांतील प्रत्येक बिऱ्हाडानें रात्रभर दिवे जाळावे आणि विजेचें बिल मात्र एकाच मालकानें भरावें, तशी गत झाली. बॅटरी भराभर उतरूं लागली. शिवाय फोनधारक कोठें जातो, किती वेळ थांबतो, हें त्याला नकळत टिपणारीं ॲपेंही निघालीं. तेव्हां पायरीपायरीनें शिस्त लावण्यांत आली.

२०१५ सालच्या सहाव्या आवृत्तींत डुलकीची पद्धति आली : फोन न हलतां पडून राहिला, कीं ॲपांचीं कामें थोपवून धरावयाचीं आणि अधूनमधून थोडा वेळच तीं करूं द्यावयाचीं. २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीनें खरी वेसण घातली. ॲप समोरून गेल्यावर कांहीं मिनिटांतच त्याचें पडद्यामागचें काम बंद होऊं लागलें. तें चालूच ठेवावयाचें असेल, तर "हें ॲप काम करीत आहे" अशी सूचना डोळ्यांपुढें ठेवणें भाग पडलें. पडद्यामागच्या ॲपला स्थळाची माहितीही तासांतून थोड्याच वेळां मिळूं लागली. २०१८ सालीं नवव्या आवृत्तीनें, क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपांना मागच्या पंक्तीला बसविलें. २०२० सालच्या अकराव्या आवृत्तीपासून, कांहीं महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्याही काढून घेतल्या जातात. २०२१ सालीं बाराव्या आवृत्तीनें, पडद्यामागून असें सूचनायुक्त काम नव्यानें सुरू करण्यास कांहीं अपवाद वगळून बंदी केली. २०२३ सालच्या चौदाव्या आवृत्तीनें, काम कोणत्या प्रकारचें तें आधीं जाहीर करण्याची अट घातली. यांशिवाय फोन बनविणाऱ्या कित्येक कंपन्यांनीं बॅटरी वांचविण्यासाठीं आपापल्या कात्र्या चालविल्या आहेत, त्या निराळ्याच. एकाच घरांत एकाच ॲपची वागणूक काकांच्या फोनवर एक आणि पुतणीच्या फोनवर दुसरी, असें दिसतें तें बहुधा यामुळेंच.

या सर्व नियमांत अन्याय असा कोणताच नाहीं. पण संकटाच्या वेळीं उपयोगी पडणाऱ्या ॲपची त्यांत मोठी कुचंबणा होते. जें ॲप वर्षभरांत एकदांही उपयोगांत आणण्याची वेळ येऊं नये, अशी आपण प्रार्थना करतों, तेंच ॲप कार्यप्रणालीच्या हिशेबीं निरुपयोगी ठरतें. तें मागच्या पंक्तीला जातें, त्याच्या परवानग्या गळतात, आणि ज्या दिवशीं खरी गरज लागते त्या दिवशीं तें गाढ निजलेलें असतें. सर्वांत वाईट हें कीं, तें निजलें आहे हें कोणाला कळतही नाहीं. देवघरांतली समई विझली तर घरांत कोणाच्या तरी लक्षांत येतें, हें विझलेलें ॲप पडद्यावर आपलें चित्र पूर्वींसारखेंच मिरवीत असतें.

सरकारनें काय केलें?

१६ डिसेंबर २०१२ रोजीं दिल्लींत घडलेल्या क्रूर घटनेनंतर स्त्रियांच्या रक्षणासाठीं फोनांतच कांहीं सोय असावी, ही मागणी देशभर झाली. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानें एप्रिल २०१६ मध्यें त्यासाठीं नियम प्रसिद्ध केले. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनांत संकटाचें बटण असावें, आणि १ जानेवारी २०१८ पासून स्थळ ओळखण्याची सोयही असावी, असें त्यांत ठरलें. साध्या फोनांत ५ किंवा ९ हा अंक बराच वेळ दाबून धरावा, स्मार्ट फोनांत संकटाचें बटण दाबून धरावें अथवा चालू-बंदचें बटण लागोपाठ तीनदां दाबावें, असे मार्ग सांगितले गेले. त्यामागची यंत्रणा म्हणजे ११२ हा एकच क्रमांक. त्याचा आरंभ नोव्हेंबर २०१८ मध्यें हिमाचल प्रदेशांत झाला आणि आज तो महाराष्ट्रांतही चालू आहे.

या नियमांतील मर्म आमच्या वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. सरकारनें "असें ॲप बनवा" एवढेंच सांगितलें नाहीं. फोन बनविणारांना त्यानें "बटण तुमच्या हातीं आहे, तेव्हां जबाबदारीही तुमची" असें बजावलें. देवडीवरच्या माणसाला जी हांक ऐकूं येते, ती बिऱ्हाडकरूला ऐकूं येण्याची खटपट करण्यापेक्षां देवडीवरच्याच माणसाला कामाला लावलें. ॲपलनें तर बाजूचें बटण पांच वेळां दाबण्याची आपली जागतिक रीति बदलून भारतासाठीं तीनच वेळां अशी केली. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तींत, २०२१ सालीं, चालू-बंदचें बटण पांच वेळां दाबून मदत मागण्याची सोय आली. ती कार्यप्रणालीची स्वतःची असल्यामुळें तिला डुलकी, पंक्ति आणि परवानगी यांपैकीं कशाचीच बाधा होत नाहीं.

हर्सूलच्या घरानें काय करावें?

आमचें पहिलें सांगणें असें कीं, अखेरचा उपाय म्हणून घरच्या ॲपवर विसंबूं नये. बटणाचें काम कार्यप्रणालीवर सोपवावें. फोनच्या सेटिंग्जमध्यें सुरक्षा व आपत्कालीन मदत असा भाग असतो. प्रत्येकाच्या फोनांत तो उघडून सोय चालू आहे कीं नाहीं, बटण किती वेळां दाबावें लागतें, आणि कोणाला निरोप जातो, हें पाहावें. त्यांत घरांतील दोन-तीन माणसांचीं नांवें घालावीं, आणि तीं अशीं निवडावीं कीं त्यांपैकीं एक तरी सायंकाळीं हमखास फोन उचलील. आजींच्या हातीं साधा फोन असेल, तर ५ आणि ९ पैकीं कोणता अंक चालतो, हें तो फोन विकणाऱ्या दुकानदाराकडून नीट समजून घ्यावें. उगाच दाबून पाहूं नये, कारण खरी हांक जावयाची ती जातेच, आणि तेथें बसलेल्या माणसांचा वेळ दुसऱ्या कोणाच्या जिवाचा असूं शकतो.

दुसरें सांगणें त्या होतकरू मुलास. तुझें ॲप टाकून देऊं नकोस, त्याचें काम बदल. तें चोवीस तास कान टवकारून बसावें, हा हट्ट सोड. बहिणीनें तासाहून निघतांना ॲप उघडून "निघालें" हें बटण स्वतःच्या हातानें दाबावें. ॲप त्या वेळीं समोर असल्यामुळें सूचनायुक्त काम सुरू करण्यास बाराव्या आवृत्तीची आडकाठी येत नाहीं. काम स्थळदर्शनाचें आहे, हें चौदाव्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणें जाहीर करावें. स्थळाची परवानगी "ॲप वापरतांना" एवढीच पुरते, "सदैव" अशी लागत नाहीं. वाटेंत सूचना पडद्यावर दिसत राहील, म्हणजे ॲप जागें आहे हें तिला डोळ्यांनीं कळेल. घरीं पोंचल्यावर "पोंचलें" म्हणून दाबलें, कीं काम संपलें. घरांतल्या प्रत्येक फोनांत बॅटरीच्या सेटिंग्जमध्यें या ॲपला सूट द्यावी. फोन बंद करून पुन्हां सुरू केल्यावर आणि कार्यप्रणालीची नवी आवृत्ति आल्यावर, ॲप चालतें कीं नाहीं याची परीक्षा महिन्यांतून एकदां ठरल्या दिवशीं घ्यावी.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आजवरच्या साऱ्या योजना, संकटांत सांपडलेली मुलगी बटण दाबील, या भरंवशावर उभ्या आहेत. पण फोन हिसकावला गेला, पाण्यांत पडला, बॅटरी संपली, किंवा जिकडे तिकडे खांब असूनही नेमक्या त्या वळणावर संदेशवहन तुटलें, तर बटण कोण दाबणार? म्हणून पहारा तिच्या फोनांत ठेवूं नये, घरांत ठेवावा. "निघालें" हा निरोप येतांच घरच्या फोनांत किंवा घरच्या संगणकांत चाळीस मिनिटांचें घड्याळ लागावें. त्या अवधींत "पोंचलें" हा निरोप आला नाहीं, कीं घरांतच घंटा वाजावी. मग तिचा फोन निजला, विझला अथवा हरवला, तरी हरकत नाहीं, कारण तिकडून कांहीं न येणें हीच हांक ठरेल. घरचें यंत्र भिंतींतील विजेवर चालतें, त्याला बॅटरीची काटकसर करावी लागत नाहीं, आणि त्यावर लक्ष ठेवावयास चौदा माणसें आहेत.

यांत नवें असें कांहीं नाहीं. दिवेलागणीला मुलगी घरीं आली नाहीं, कीं पूर्वीं घरांतील कोणीतरी अंगणांतून रस्त्यापर्यंत जाऊन पाहून येई. तिनें हांक मारल्यावर जाऊं, अशी वाट कोणी पाहत नसे. मुलाच्या ॲपनें एवढीच जुनी रीति नव्या साधनांत बसवावी.

एक शब्द वडीलधाऱ्यांस. मुलगी कोठें आहे हें अष्टौप्रहर घरीं दिसत राहावें, असा मोह पुष्कळांना होतो, आणि यंत्राच्या मर्यादा त्यांना अडथळा वाटतात. आम्हांस त्या मर्यादांत शहाणपणा दिसतो. ज्या नियमामुळें परकें ॲप तुमच्या मुलीचा माग काढूं शकत नाहीं, तोच नियम घरच्या ॲपलाही लागूं आहे. तिनें स्वतः "निघालें" म्हणावें, स्वतः "पोंचलें" म्हणावें, आणि मधला वेळ तिचा असावा. असें असलें म्हणजे ती तें बटण मनापासून दाबते. सतत पाळत ठेवली, तर शहाणी मुलगीही फोन मैत्रिणीजवळ ठेवून बाहेर जाण्यास शिकते, आणि मग तिसऱ्या आवृत्तीचें काय किंवा तेराव्या आवृत्तीचें काय, कोणतेंच ॲप उपयोगी पडत नाहीं.

या महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुपारचें जेवण झाल्यावर घरांतील सर्वांनीं आपापले फोन घेऊन एकत्र बसावें. आपत्कालीन मदतीचा भाग उघडावा, नांवें तपासावीं, आणि वृद्धांना व मुलांना बटण कोठें आहे हें बोट धरून दाखवावें. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाहीं.